पाच सेकंदांच्या जागी उणे एक

गेल्या वर्षी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, अकरा दिवस आधी, मंगळवारी दुपारी, पेडणे तालुक्यात मोपाच्या कातळसड्याखालच्या एका वाड्यावर रामनाथ गावस यांचे राहत्या घरी निधन झाले. ते शहात्तर वर्षांचे होते आणि घरात एकटे राहत होते. संध्याकाळी सहाच्या सुमारास शेजारणीने दार ढकलले, तेव्हा ते स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधल्या उंबरठ्यावर पडलेले होते. बाहेरच्या खोलीत टेबलावर संगणक चालू होता. काळ्या पडद्यावर दोन ओळी होत्या आणि वरच्या ओळीवर पांढरी पट्टी होती.

त्या संगणकाची मांडणी मी केलेली होती.

मी व्यवसायाने पत्रकार. पणजीतल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक म्हणून लागलो. पुढे कार्यालयातले संगणक विंडोज सोडून लिनक्स या दुसऱ्या प्रणालीवर गेले. डेस्कवर त्याची आवड असलेला एकटा मीच होतो, म्हणून ते सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले आणि राहिले. निवृत्तीनंतर डिचोलीतल्या घरून हेच काम करतो. डिचोली आणि पेडणे तालुक्यांतून बोलावणी येतात. बहुतेक माणसांच्या मशीनवर दोन प्रणाली असतात, एक जुनी सवयीची आणि एक नवी. माझे निम्मे काम त्या दोघींना एका घरात नांदवण्याचे.

ज्यांना यातले काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बटण दाबल्यावर संगणकाला आपण कोण आहोत हे माहीत नसते. तो आधी एक छोटा प्रोग्राम वाचतो. त्याला बूट लोडर म्हणतात. लिनक्सच्या बहुतेक मशीनवर त्याचे नाव ग्रब असते. हा प्रोग्राम पडद्यावर एक यादी दाखवतो: आज कोणती प्रणाली उठवू? वरची ओळ ठरलेली असते. दुसरी हवी असेल तर बाणाच्या बटणाने खाली जाऊन एंटर दाबायचे. कोणी काहीच दाबले नाही तर तो ठरवून दिलेले सेकंद मोजतो आणि वरची ओळ स्वतःच उचलतो. हे सेकंद एका साध्या फाइलीत लिहिलेले असतात. पाच लिहिले तर पाच सेकंद. शून्य लिहिले तर तो विचारतच नाही. उणे एक लिहिले तर तो उत्तर मिळेपर्यंत थांबतो. आकडा बदलला की एक आज्ञा देऊन यादी नव्याने तयार करायची. काम दोन मिनिटांचे.

दोन मिनिटांच्या कामाचे पहिले शिक्षण मला कार्यालयातच मिळाले. रविवार पुरवणीची पाने ज्या मशीनवर लागत, त्याच्या यादीत मी एक ओळ हाताने लिहिली आणि जेवायला गेलो. मशीन पुन्हा सुरू करून पाहिले नाही. तीन आठवडे ते बंदच झाले नाही, म्हणून चूक दिसली नाही. मग एका शुक्रवारी दुपारी वीज गेली. वीज परत आली, पण मशीन उठेना. संपादक माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"बदल कोणी केला?"

"मी."

"तपासला कोणी?"

मी पडद्याकडे पाहिले. ते म्हणाले, "म्हणजे तपासलेला नाही," आणि निघून गेले. ओरडले असते तर बरे वाटले असते.

त्या दिवसापासून मी एक वही ठेवली. तारीख, मशीन कुणाचे, जुना आकडा, नवा आकडा, आणि बदल कुणाच्या सांगण्यावरून. शेवटचा रकाना बातमीदारीतला आहे. कुणाच्या हवाल्याने, हे लिहिल्याशिवाय आमच्याकडे ओळ पुढे जात नसे. बदल केला की मशीन एकदा बंद करून चालू करायचे आणि समोर बसून पाहायचे, हाही नियम तेव्हाचा.

वहीत करमणुकीच्या नोंदीही आहेत. मयेतले एक भटजी पत्रिका संगणकावर मांडतात. त्यांनी मला खास बोलावून घेतले. म्हणाले, "यजमान समोर बसलेला असतो. यंत्र लावले की त्याला पहिले काय दिसते? काळे. लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या बापाला मी आधी काळे दाखवू?"

"दोन सेकंदांचे आहे, भटजी."

"अपशकुनाला किती सेकंद लागतात?"

ग्रबला मोजकेच रंग ठाऊक आहेत आणि भटजींना हवा असलेला केशरी त्यांत नाही. शेवटी मागे लाल आणि अक्षरे पिवळी अशी तडजोड झाली. वहीत लिहिले आहे: "काळ्याच्या जागी लाल. यजमानांच्या वतीने भटजी." ते मशीन अजून तसेच आहे आणि भटजींच्या म्हणण्याप्रमाणे त्यानंतर जमलेले एकही लग्न मोडलेले नाही. याची मी खातरजमा केलेली नाही.

रामनाथबाबांशी ओळख मात्र संगणकामुळे झाली नाही. ते डिचोलीच्या एका खाणीवर स्टोअरकीपर होते. खाणीच्या कचेरीत ते मराठी टंकलेखन शिकले. आमच्या दैनिकाला ते टाइप केलेली पत्रे पाठवत. पत्रात तक्रार नसे. "काल पान चारवर वाळपईच्या बातमीत नदीचे नाव चुकले आहे," एवढेच असे, आणि त्यांचे बरोबर असे. खाण बंद पडली तेव्हा ते पेडण्याला आपल्या घरी परतले. पुढे पत्नी गेली. एकुलती मुलगी सुषमा परदेशात परिचारिका आहे. सुटीत आली असता तिने वडिलांसाठी संगणक घेतला आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून मला फोन केला.

तिला हवी होती एक गोष्ट, त्यांना दुसरी. तिला कॅमेरा हवा होता. ड्युटीवरून आली की घर दिसले पाहिजे, बाबा खुर्चीत बसलेले दिसले पाहिजेत. फोन ते उचलतील न उचलतील. कॅमेऱ्याचे काम लिनक्सवर नीट होत होते. त्यांना लिहायचे होते. टंकलेखन यंत्रावर बोटांना जी बटणे पाठ होती तीच बटणे ज्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चालत, ते फक्त जुन्या विंडोजवर उठत होते. म्हणून दोन्ही ठेवल्या. वरची ओळ लिनक्सची, खालची विंडोजची. सकाळी ते लिहीत. अकरा वाजता मशीन पुन्हा सुरू करून कॅमेरा लावत. अकरा ते निजेपर्यंत सुषमाला घर दिसे.

आणखी एक व्यवस्था केली. वीज जाऊन परत आली की मशीन आपोआप सुरू व्हावे, पाच सेकंद थांबावे आणि कोणी नसेल तर कॅमेऱ्याची ओळ उचलावी. ही व्यवस्था मी प्लग काढून, पुन्हा लावून, तीनदा तपासली. तिन्ही वेळा कॅमेरा आपोआप आला. सुषमा समाधानाने परत गेली.

ते काय लिहीत होते हे सांगायला हवे. चवथीला आमच्याकडे गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळे, फुले, वेली बांधतात. तिला माटोळी म्हणतात. रामनाथबाब तिची यादी करत होते: कांगलां, कवंडळां, घागऱ्यो, माट्टां, शेरवडां. नुसती नावे नव्हेत. प्रत्येक नावापुढे सड्यावरची जागा, कोणत्या झरीजवळ, कोणत्या दगडामागे, आणि ती जागा आज आहे की तिथे झालेल्या विमानतळाच्या कुंपणाच्या आत गेली. स्टोअरकीपरची यादी होती ती. शिल्लक, खर्ची पडलेले, आणि कुठे ठेवले आहे.

जानेवारीत त्यांनी मला बोलावले. मी गेलो तेव्हा ते बाल्कांवावर, दारापुढच्या ओसरीत, बसले होते आणि कपाळावर चष्मा होता.

"ये पात्राव, बस," ते म्हणाले. पात्राव म्हणजे मालक. आमच्याकडे हा शब्द थट्टेनेच वापरतात. "ह्या मशीनाक माजी जाप आयकाची नाय, तर मगे ता विचारता कित्याक?"

म्हणजे उत्तर ऐकायचेच नाही तर ते विचारते कशाला. मी म्हटले, "विचारून पाच सेकंद थांबते ते."

"पाच! चष्मो घालीसर पाच जातत. बाण सोदीसर कॅमेरो लागलोच. मगे परत बंद कर, परत लाव. आज चार फावट झाला. सुषमाक सकाळी सकाळी माजी बोडकी दिसता आनी लिवचा रवता."

चष्मा घालेपर्यंत कॅमेरा लागतो, सकाळी सकाळी मुलीला त्यांचे डोके दिसते आणि लिहायचे राहते, आज तर चार वेळा झाले, अशी तक्रार होती. मी म्हटले, "वीस देतो मग. तीस?"

"सेकंद मेजू नाका रे. स्टोरात माणूस येयलो तर मी काय पाच मेजून खिडकी बंद करी होतंय? मी सांगीसर राव म्हणा ताका."

मी सांगेपर्यंत थांब, असे त्याला सांगा. मला हसू आले. म्हटले, "तसाही एक आकडा आहे."

"मगे इतके दीस खंय दवरलेलो?" इतके दिवस कुठे ठेवला होता, म्हणजे.

मी फाइल उघडली, पाचच्या जागी उणे एक लिहिले, आज्ञा दिली. नियमाप्रमाणे मशीन बंद करून चालू केले आणि आम्ही दोघे समोर बसलो. यादी आली. खालचे आकडे मोजणे नाहीसे झाले होते. ते सावकाश आत गेले, चहाचे दोन पेले आणि पाव घेऊन आले, चष्मा पुसला, घातला आणि पडद्याकडे पाहिले. यादी तिथेच होती.

"हें बरां," ते म्हणाले. "आता माणसासारख्या वागता."

वहीत नोंद केली: "५ च्या जागी -१. रामनाथबाब यांच्या सांगण्यावरून. चालू करून पाहिले."

प्लग काढून पाहिले नाही. समोर कोणी नसताना वीज परत आली तर आता काय होईल, हा प्रश्न मला त्या दिवशी सुचला नाही. साठ लिहिले असते तरी त्यांना चष्मा घालून, बाण शोधून, वर चहाचा घोट घ्यायला वेळ मिळाला असता आणि साठाव्या सेकंदाला कॅमेरा आपोआप लागला असता. हेही त्या दिवशी सुचले नाही.

पुढच्या सात महिन्यांत काही बिघडले नाही. वीज जाई, पण थोड्या वेळासाठी, आणि तेवढा वेळ यूपीएस काढून नेई. मशीन यादीपाशी थांबत असे ते नेहमी त्यांच्या समोरच. सुषमाला काही वेगळे जाणवले नाही. मी तिला बदल कळवला नव्हता. मशीन तिचे होते, पण वापरणारे ते, असे मी धरून चाललो होतो.

त्या मंगळवारचा क्रम मी नंतर एकत्र केला. जे दोन ठिकाणांहून मिळाले तेच इथे देतो. जिथे एकच माणूस सांगणारा आहे तिथे तसे म्हटले आहे.

सकाळी सातला पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत आला. रामनाथबाबांनी फाटकाशी येऊन चार उंडे पाव घेतले. शेजारच्या चंद्रावैनींनी ते पाहिले. आठनंतर ते लिहायला बसले. यादीची फाइल शेवटची नऊ वाजून बारा मिनिटांनी जतन झाली आहे. साडेनऊच्या आधी वाड्यावरची वीज गेली. यूपीएस अर्धा तास टिकते. वीज परत आली ती बारा वाजून गेल्यावर. लाइनमनच्या आणि चंद्रावैनींच्या सांगण्यात दहा मिनिटांचा फरक आहे.

मशीन ठरल्याप्रमाणे आपोआप सुरू झाले आणि ठरल्याप्रमाणे यादीपाशी थांबले.

एकच्या सुमारास सुषमाचा मला निरोप आला: "काका, बाबांचो कॅमेरो अजून लागूक नाय. लायट येयली म्हणतत. पयली आपोआप लागी."

मी वाचता क्षणी ओळखले. उत्तर टाइप केले: "मशीन यादीपाशी उभे असणार. बाबांना सांग, एंटर दाबा. दुसरे काही नाही."

निदान अचूक होते. तिने लिहिलेले शेवटचे वाक्य, पूर्वी आपोआप लागायचा, यालाही उत्तर द्यायला हवे होते. ते मी दिले नाही. तो विषय एवढ्याशा निरोपात मावणारा नाही, असे मला वाटले.

तिने एक वाजून अठरा मिनिटांनी वडिलांना फोन केला. वेळ तिच्या फोनवर आहे. बोलणे तिने मला सांगितले, त्याला दुसरा साक्षीदार नाही.

"बाबा, मशीनाचा एंटर दाबा."

"जेवतंय गो. जेवन दाबतंय." म्हणजे जेवून झाल्यावर.

"मगे तुमी निजतलात. माजी ड्युटी दोनाक सुरू जाता. आता दाबा, माका एकदा दिसाक जाय."

"काय बघतलंय? कालचोच म्हातारो आसा."

"बाबा!"

"उठतंय बाये, उठतंय."

फोन बंद झाला. कॅमेरा लागला नाही. तिने दहा मिनिटे वाट पाहिली, मग त्यांना झोप लागली असावी असे धरून ती कामावर गेली. संध्याकाळी पाचला पोदेर पुन्हा आला. त्याने दोनदा भोंगा वाजवला, कोणी बाहेर आले नाही म्हणून फाटकाला अडकवलेल्या पिशवीत तीन उंडे टाकले आणि पुढे गेला. सहाला सुषमाने कामावरूनच चंद्रावैनींना फोन केला. त्यांनी दार ढकलले तेव्हा ताटात भात होता. निम्मा जेवलेला.

डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका असे लिहिले. वेळ दुपारी एक ते तीनच्या दरम्यानची सांगितली. लगेच कळले असते तर वाचले असते का, असे मी विचारले. ते म्हणाले, "सांगता येणार नाही." मी पुन्हा विचारले. त्यांनी तेच उत्तर दिले.

सुषमा बुधवारी दुपारी मोपाच्या विमानतळावर उतरली. घर तिथून दहा मिनिटांवर आहे. मी अंत्यविधीला गेलो, पण तिच्याशी बोललो नाही. अकराव्या दिवशी, शुक्रवारी, तिने बोलावले. दुसऱ्या दिवशी चवथ होती. वाड्यावर सगळीकडे माटोळ्या बांधायचे काम चालले होते. या घरात सुतक होते, चौकट छताला रिकामी टांगलेली होती.

संगणकाचा पडदा तसाच पेटलेला होता. बाजूला तेलाचा दिवा होता. मी चंद्रावैनींना विचारले, हे अजून चालू कसे?

"लायट दोनदा गेली," त्या म्हणाल्या, "येयली काय आपसून पेटता आनी असाच रवता. मेल्ल्या माणसाच्या घरातलो दिवो पालवूक जायना. ह्यो दिवो न्हय तां माका कळता, पण माजो हात जायना." पालवणे म्हणजे दिवा मालवणे.

सुषमा माझ्यासमोर बसली. तिने आवाज चढवला नाही.

"काका, पयली आपोआप लागी. कित्याक लागाक नाय?"

मी पिशवीतून वही काढली, जानेवारीचे पान उघडले आणि तिच्यासमोर ठेवली. तिने नोंद वाचली. शेवटच्या रकान्यावर तिचे बोट थांबले.

"हें बाबांनी सांगलां?"

"त्यांनी थांबायला सांगितले," मी म्हटले. "उणे एक मी लिहिले. साठ लिहिता आले असते. समोर कोणी नसताना काय होईल ते मी तपासले नाही. तुला कळवलेही नाही."

तिने वही माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "आनी एंटर दाबा म्हणून मी तांका ताटावरसून उठयले."

"ते मी तुला सांगितले होते."

"पण जेवन दाबतंय म्हणी होते ते. आताच दाबा, हां तुमी सांगूक नाय. तां माजा."

मी वही मिटली. रामनाथबाब कुठे चालले होते हे कोणी पाहिलेले नाही. ते हात धुवायला उठले असतील, पाणी प्यायला उठले असतील. मोरी मात्र स्वयंपाकघरातच आहे आणि पाण्याचा तांब्या ताटाजवळ होता. मी हे तिला सांगितले नाही. तिलाही ते दिसत होतेच.

माझ्या वहीत उणे एक लिहिलेली आणखी तीन मशीन्स निघाली. एक डिचोलीत, दोन पेडण्याला. मी त्या महिन्यात तिन्हीकडे जाऊन साठ लिहिले आणि प्लग काढून पाहिले. घरमालकांनी कारण विचारले. मी सांगितले, जुनी चूक दुरुस्त करतो आहे.

त्या शुक्रवारी सुषमाने विचारले, "आता दाबलो तर लागतलो?"

"हो."

"मी दाबू?"

मी खुर्ची सोडली. ती बसली नाही, उभ्यानेच तिने एंटर दाबला. दोन ओळी गेल्या. थोड्या वेळाने तिच्या हातातल्या फोनवर चित्र आले: टेबलापुढची खुर्ची, त्यामागे ती आणि मी, आणि आमच्या मागे स्वयंपाकघराचा उंबरठा, पूर्ण.

मशीन स्वतः ठेवते त्या नोंदवहीत ही सुरुवात त्या शुक्रवारच्या सकाळी अकरा वाजून सहा मिनिटांची आहे. लिनक्सची त्याआधीची सुरुवात निधनाच्या आदल्या दिवसाची, सोमवारी अकरा वाजून दोन मिनिटांची आहे. यादीपाशी थांबलेला वेळ या नोंदवहीत येत नाही.